ढाक्याचा पदार्थविज्ञान विभाग आणि आपण



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाला डॉक्टरी किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तर प्रश्नच नाही. तो मिळाला नाही, आणि मुलगा किंवा मुलगी म्हणाली की, मला पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. करायचे आहे, तर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, “ते करून पुढे काय?” हा प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पोटापाण्याची काळजी ज्याला वाहावी लागते, त्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र त्याचे उत्तर घाईने देऊ नये, एवढीच विनंती. एका कॉलेज विभागाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवीत आहे. तो वाचून झाल्यावर उत्तर आपणच द्यावे.

आपल्या व्यासपीठांवरून विज्ञानाचा विषय निघाला की इब्न अल-हैसम यांचे नाव हमखास घेतले जाते, आणि ते घेतलेही पाहिजे. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत हयात घालविलेल्या या विद्वानाने प्रकाशावर ‘किताब अल-मनाझिर’ हा महाग्रंथ लिहिला. पण या ग्रंथाचे मोठेपण कशात आहे, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. त्यांनी ओळीने दिवे लावले आणि समोरच्या एका लहान छिद्रातून त्यांचा प्रकाश अंधाऱ्या जागेत सोडला. दिव्यांइतकेच ठिपके आत उमटले. मग त्यांनी एकेक दिवा झाकून पाहिला. जो दिवा झाकला, नेमका त्याचाच ठिपका नाहीसा झाला. छिद्रातून जाताना प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्यांनी असे हाताने करून दाखविले. आपण त्यांचे नाव जपले. हाताने करून पाहण्याची सवय मात्र मागे पडली. ही सवय एका समाजात पुन्हा कशी रुजली, याचे उदाहरण पाहण्यासाठी आपल्याला थोडे दूर, पूर्व बंगालमध्ये जावे लागेल. तेथील परिस्थिती आपल्याला फारशी परकी वाटणार नाही.

मागणीतून जन्मलेले विद्यापीठ

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि ढाका हे नव्या प्रांताच्या राजधानीचे शहर झाले. पूर्व बंगालमधील बहुसंख्य मुसलमान शेतकरी होते. जमीनदारी, वकिली आणि सरकारी नोकऱ्या यांत त्यांचा वाटा अगदी थोडा होता. नव्या प्रांतात शिक्षणाची दारे उघडतील अशी आशा त्यांना वाटू लागली. पण डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग ढाक्यास आले, तेव्हा नवाब सर सलीमुल्लाह, नवाब अली चौधरी, ए. के. फजलुल हक प्रभृती नेत्यांनी त्यांची भेट घेऊन शिक्षणाचा प्रश्न मांडला. यातूनच ढाक्यास विद्यापीठ देण्याचे आश्वासन मिळाले.

आश्वासन मिळाले तरी विद्यापीठ लगेच उभे राहिले नाही. कलकत्त्यातील अनेक प्रतिष्ठितांनी या योजनेला विरोध केला. १९१२ मध्ये नाथन समितीने आराखडा तयार केला, तोच महायुद्ध आले आणि पैसा आटला. १९१५ मध्ये नवाब सलीमुल्लाह अल्लाला प्यारे झाले; विद्यापीठ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नवाब अली चौधरींनी कायदेमंडळात पाठपुरावा चालू ठेवला. अखेर १९२० मध्ये कायदा झाला आणि १ जुलै १९२१ रोजी वर्ग सुरू झाले. सुरुवातीला बारा विभाग आणि सुमारे साठ अध्यापक होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या समाजाच्या मागणीवरून विद्यापीठ मिळाले, त्या समाजाकडे त्या वेळी विज्ञान शिकविणारे लोक फारसे नव्हते. मग काय करावयाचे? पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टोग हे लंडनहून आलेले आणि मूळचे रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांनी जेथून मिळतील तेथून उत्तम माणसे बोलावली. रसायनशास्त्रात ज्ञानचंद्र घोष आले. पदार्थविज्ञानात ढाका कॉलेजचे प्रा. डब्ल्यू. ए. जेन्किन्स विभागप्रमुख झाले आणि कलकत्त्याहून सत्येंद्रनाथ बोस नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण रीडर म्हणून आला. उस्तादाची जात वा मजहब कोणी पाहिला नाही, त्याचे इल्म पाहिले.

इमारत, उपकरणे आणि वारसा

विभागाला जागा मिळाली ती कर्झन हॉलच्या लाल इमारतीत. फेब्रुवारी १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी तिची पायाभरणी केली, तेव्हा तेथे नगरभवन करण्याचा विचार होता. पुढे ती वास्तू ढाका कॉलेजकडे आणि १९२१ मध्ये विद्यापीठाच्या विज्ञान शाखेकडे आली. ढाका कॉलेज १८४१ सालचे. विद्यापीठ स्थापन होताच त्याचे पदवीचे वर्ग, अनेक शिक्षक आणि प्रयोगशाळेचे साहित्य विद्यापीठाला मिळाले. म्हणजे विभाग शून्यातून उभा राहिला नाही. आधीच्या पिढ्यांनी सांभाळलेल्या प्रयोगशाळेवर तो उभा राहिला.

याच ढाका कॉलेजात १९०९ ते १९११ या काळात मेघनाद साहा हा विद्यार्थी शिकून गेला होता. ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यातील एका छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. गावात पुढील शाळा नव्हती, म्हणून दुसऱ्या गावी एका डॉक्टरांच्या घरी राहून तो शिकला. पुढे ढाक्याच्या शाळेत असताना १९०५ च्या आंदोलनात भाग घेतल्यामुळे त्याची शिष्यवृत्ती गेली आणि शाळाही सुटली. दुसऱ्या शाळेने त्याला घेतले. याच साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे सूत्र मांडले आणि ते जगप्रसिद्ध झाले. आपल्यातील जे पालक दुकान किंवा हातगाडी चालवितात, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

वर्गात पडलेला प्रश्न

ढाक्यात तीन वर्षांचा ऑनर्सचा अभ्यासक्रम होता. व्याख्यानाबरोबर लहान गटात शिकविण्याची पद्धत होती आणि विद्यार्थी वसतिगृहांतून राहत. सत्येंद्रनाथांकडे नव्या पदार्थविज्ञानाचे विषय आले. हे विषय तेव्हा इतके नवे होते की, त्यांवर इंग्रजीत चांगली पुस्तके मिळत नसत. त्यांनी आणि साहांनी जर्मन भाषा शिकून आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील लेखांचा इंग्रजी अनुवाद १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठातर्फे प्रसिद्धही केला होता.

वर्गात त्यांना प्लँकचा नियम शिकवावयाचा होता. तापलेली भट्टी आधी लालसर, मग पिवळी आणि पुढे पांढरी दिसू लागते. कोणत्या तपमानाला कोणत्या रंगाचा प्रकाश किती निघेल, हे सांगणारे सूत्र प्लँक यांनी १९०० साली दिले होते. सूत्र बरोबर होते, पण ते सिद्ध करण्याच्या ज्या रीती पुस्तकांत होत्या, त्यांत अर्धी जुनी कल्पना आणि अर्धी नवी कल्पना यांची मिसळ होती. बहुतेक शिक्षक अशा वेळी सूत्र फळ्यावर लिहितात आणि पुढे जातात. सत्येंद्रनाथांना ते जमेना. जी गोष्ट आपल्यालाच नीट पटलेली नाही, ती मुलांना कशी समजावून द्यावी, ही त्यांची अडचण होती. म्हणून त्यांनी स्वतःच्या रीतीने विचार सुरू केला.

त्यांनी काढलेला मार्ग विद्यार्थ्यांना एका साध्या उदाहरणाने कळेल. दोन वाट्या घ्या आणि दोन मणी घ्या. मण्यांना तांबडा व निळा असे रंग दिले, तर ते वाट्यांत चार प्रकारे ठेवता येतात. दोन्ही पहिल्या वाटीत, दोन्ही दुसऱ्या वाटीत, तांबडा पहिलीत व निळा दुसरीत, किंवा याच्या उलट. चारांपैकी दोन प्रकारांत मणी एकत्र आहेत, म्हणजे एकत्र असण्याची शक्यता निम्मी. आता समजा, मणी इतके एकसारखे आहेत की त्यांना वेगळे ओळखणे मुळातच शक्य नाही. मग शेवटचे दोन प्रकार वेगळे उरत नाहीत. एकूण प्रकार तीनच, आणि त्यांतील दोहोंत मणी एकत्र. शक्यता झाली दोन-तृतीयांश. प्रकाशाचे कण असेच बिनओळखीचे असतात असे धरून सत्येंद्रनाथांनी मोजणी केली आणि प्लँकचे सूत्र कोणत्याही मिसळीशिवाय हाती आले.

हा लेख इंग्लंडच्या एका नामांकित नियतकालिकाने छापला नाही. तेव्हा जून १९२४ मध्ये त्यांनी तो थेट आइन्स्टाइन यांना पाठविला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले, शिफारशीचा अभिप्राय जोडला आणि त्याच वर्षी तो जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्यांनी हीच मोजणी अणूंनाही लावून पाहिली आणि अतिशय थंड अवस्थेत असंख्य अणू एकाच स्थितीत गोळा होतील असे भाकीत केले. ते खरे ठरण्यास १९९५ साल उजाडले आणि त्या कामाला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जे कण या मोजणीने चालतात, त्यांना आज जगभर ‘बोसॉन’ म्हणतात. बी.एस्सी.च्या पुस्तकात हा शब्द वाचताना विद्यार्थ्यांनी आठवावे की, त्याचा उगम ढाक्यातील एका वर्गाच्या तयारीत आहे.

शागिर्द काझी मोतहार हुसेन

आता दुसऱ्या बाजूला, विद्यार्थ्याकडे पाहू. काझी मोतहार हुसेन यांचा जन्म १८९७ साली कुष्टिया भागातला. ते शाळा कुष्टियात, इंटरमीजिएट राजशाही कॉलेजात आणि पदवी ढाका कॉलेजात, असे शिकत गेले. १९१९ मध्ये पदार्थविज्ञानात ऑनर्स आणि १९२१ मध्ये एम.ए. झाल्यावर नव्या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात ते डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले.

डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वर्गात विद्यार्थ्यांजवळ उभा राहणारा शिक्षक. मोठ्या प्राध्यापकांची नावे इतिहासात राहतात. मुलाचा हात उपकरणावर बसविणारा हा माणूस बहुधा विसरला जातो. लंबकाचा साधा प्रयोग घ्या. एक आंदोलन मोजले तर घड्याळ चालू-बंद करताना सेकंदाच्या पाचव्या भागाचीही चूक मोठी ठरते. वीस आंदोलने मोजून विसाने भागले, की तीच चूक शंभराव्या भागावर येते. हे पुस्तकात एका ओळीत असते, पण मुलाच्या अंगात ते मुरते प्रयोगशाळेत, कोणीतरी शेजारी उभे राहून “पुन्हा मोज” म्हणते तेव्हा.

मोजमाप आणि त्यातील चूक हाच धागा पुढे मोतहार हुसेन यांना संख्याशास्त्राकडे घेऊन गेला. सत्येंद्रनाथांनी त्यांना कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याकडे जाण्यास सुचविले. महालनोबीस हेही मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांची संख्याशास्त्राची प्रयोगशाळा प्रेसिडेन्सी कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागातच सुरू झाली होती. चाळिशीच्या वयात, शिक्षक असताना, मोतहार हुसेन पुन्हा विद्यार्थी झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी तेथील डिप्लोमा घेतला. पन्नाशी ओलांडल्यावर प्रयोगांच्या आखणीच्या शास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. ढाक्यात संख्याशास्त्राचे शिक्षण त्यांनीच उभे केले. १९७५ मध्ये बांगलादेशाने त्यांना राष्ट्रीय प्राध्यापक केले आणि १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. ते उत्तम बुद्धिबळपटू होते, बंगाली लेखक होते आणि १९२६ मध्ये ढाक्यात निघालेल्या मुस्लिम साहित्य समाजाच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होते. दीनदार घरातील मुलगा विज्ञान शिकला की घरापासून तुटतो, अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी हे चरित्र अवश्य पाहावे.

विभागाची भरभराट आणि कसोटी

युरोपात दोन वर्षे राहून सत्येंद्रनाथ १९२६ मध्ये परतले. डॉक्टरेट नसतानाही आइन्स्टाइन यांच्या शिफारशीचे पाठबळ घेऊन ते १९२७ मध्ये प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासणारी प्रयोगशाळा त्यांनी उभारली आणि तिच्यासाठी लागणारी उपकरणे स्वतः आखली. १९२८ च्या अखेरीस के. एस. कृष्णन रीडर म्हणून आले. त्याच वर्षी कलकत्त्यास रामन परिणामाच्या शोधात त्यांनी रामन यांच्याबरोबर काम केले होते. ढाक्यात त्यांनी चुंबकीय क्षेत्रात स्फटिक बारीक तंतूने टांगून, तो किती वळतो हे मोजण्याच्या नाजूक पद्धती बसविल्या. या उपकरणांना पैशापेक्षा हाताचे कसब आणि धीर अधिक लागे. १९३३ पर्यंत ते तेथे होते आणि या कामाने त्यांचे नाव जगभर झाले.

हे सर्व शांततेच्या वातावरणात झाले असे समजू नये. १९३० मध्ये आणि पुन्हा १९४१ मध्ये ढाका शहरात हिंदु-मुस्लिम दंगली झाल्या. आरंभीच्या काळात विज्ञान शाखेकडे वळणारे मुस्लिम विद्यार्थीही थोडे होते. बहुतेकांचा ओढा कायदा आणि कला शाखेकडे असे. तरीही कर्झन हॉलमध्ये हिंदू उस्ताद आणि मुस्लिम शागिर्द एकाच टेबलाशी उभे राहून मोजमाप करीत राहिले. १९४५ मध्ये सत्येंद्रनाथ कलकत्त्यास परत गेले. दोनच वर्षांनी देशाची फाळणी झाली आणि अनेक हिंदू अध्यापक ढाका सोडून गेले. त्यानंतर विभाग ज्यांनी सांभाळला, त्यांत त्याच प्रयोगशाळेत घडलेले मुस्लिम शिक्षक होते. पहिल्या पंचवीस वर्षांत पेरले नसते, तर त्या दिवशी हाती काहीच आले नसते.

मुलींचा विषय निघाला म्हणजे फजिलतुन्निसा यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. टांगाइल भागातील साध्या घरातील ही मुलगी १९२७ मध्ये ढाका विद्यापीठातून गणितात एम.ए.च्या परीक्षेत प्रथम वर्गात पहिली आली. बुरखा घेत नाही म्हणून तिच्यावर टीका करणारे होते, तसे तिला मदत करणारेही आपल्याच समाजातील होते. १९२८ मध्ये ती शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली आणि पुढे ढाक्याच्या ईडन कॉलेजची प्राचार्य झाली. शंभर वर्षांपूर्वी जे जमले, ते आज आपल्या मुलींना अवघड म्हणून सांगणे योग्य होईल काय?

भाषेचा प्रश्न

आपल्यातील पुष्कळ मुले उर्दू किंवा मराठी माध्यमातून येतात आणि कॉलेजात पहिल्याच दिवशी इंग्रजी ऐकून बुजतात. “मला फिजिक्स येत नाही,” असे त्यांतील अनेक जण सांगतात. खरे तर त्यांना इंग्रजी आलेले नसते; फिजिक्सशी त्यांची गाठच पडलेली नसते. सत्येंद्रनाथांचा आयुष्यभर आग्रह होता की, विज्ञान मातृभाषेतून समजावून देता येते आणि दिले पाहिजे. १९४८ मध्ये त्यांनी कलकत्त्यास बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि बंगालीतून विज्ञानाचे मासिक चालविले. मोतहार हुसेन यांनीही बंगालीतून विज्ञान लिहिले. इंग्रजी शिकूच नये असा याचा अर्थ नाही. या दोघांचे इंग्रजी उत्तम होते. अर्थ एवढाच की, कल्पना आधी घरच्या भाषेत पक्की करावी आणि मग ती इंग्रजीत मांडण्यास शिकावे. आपल्या शिक्षकांनी पहिल्या वर्षी वर्गात मराठी-उर्दूचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये.

आपण काय घ्यावे

या इतिहासावरून तीन गोष्टी मला आपल्यापुढे ठेवावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट संस्थाचालकांसाठी. समाजाने मागणी केली, देणग्या दिल्या, इमारत झाली, म्हणजे विभाग झाला असे नव्हे. कर्झन हॉल नगरभवन म्हणूनही सुंदरच दिसला असता. त्याचे विद्यामंदिर झाले ते उस्ताद आणि उपकरणे यांमुळे. म्हणून देणगी देताना सभागृहाच्या दगडावरील नावाबरोबर प्रयोगशाळेतील एखाद्या स्पेक्ट्रोमीटरचा, प्रयोगशाळा साहाय्यकाच्या पगाराचा आणि मोडलेल्या उपकरणांच्या दुरुस्तीचाही विचार व्हावा. कुलूप लावलेल्या कपाटातील उपकरण कोणालाच काही शिकवीत नाही.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये मित्राचे आकडे उतरवून घेऊ नका. आपला आकडा पुस्तकातील आकड्याशी जुळला नाही, तर घाबरू नका. तो का जुळला नाही हे शोधणे म्हणजेच विज्ञान. आणि वर्गात एखादी पायरी पटली नाही तर विचारा. चांगल्या शिक्षकाला अशा प्रश्नाचा राग येत नाही. सत्येंद्रनाथांनी तर तो स्वतःलाच विचारला होता.

तिसरी गोष्ट पालकांसाठी, आणि ती सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. “ते करून पुढे काय?” पदार्थविज्ञानाचा पदवीधर शिक्षक होऊ शकतो, पुढे शिकून हवामान, संगणक, संख्याशास्त्र, वैद्यकीय उपकरणे अशा अनेक क्षेत्रांत जाऊ शकतो. मोतहार हुसेन यांची वाटही अशीच वळत गेली. पण ही वाट लांब आहे आणि तिचे फळ उशिरा येते. डॉक्टरी-इंजिनिअरिंगसारखी हमी ती देत नाही, हे मी लपवून ठेवीत नाही. ज्या मुलाला या विषयाची खरी ओढ आहे, त्याला मात्र तीन-चार वर्षांचा सबूर आणि घरचा विश्वास द्यावा. नवाब सलीमुल्लाह यांनी ज्या विद्यापीठासाठी धडपड केली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नाही. आपल्याला तर आपल्या डोळ्यांसमोर वाढणाऱ्या मुलासाठीच थोडे थांबावयाचे आहे.

इल्म हासिल करणे हे आपल्या दीनने फर्ज मानले आहे. ते फर्ज निकालाच्या दिवशी सुरू होऊन नोकरीच्या दिवशी संपत नाही. आपल्या संस्थेच्या प्रयोगशाळेत येत्या वर्षी जी मुले-मुली प्रथमच लंबकाची आंदोलने मोजतील, त्यांचे हात थरथरतील आणि आकडे चुकतील. त्यांना पुन्हा मोजू द्या. अल्ला त्यांच्या मेहनतीला बरकत देवो.